जाणाऱ्यामागे केर काढणारे मामाआजोबा

माझ्या आईच्या मामांइतक्या वेळा मेलेला माणूस अख्ख्या पालघर तालुक्यात दुसरा नसेल. परवा ते खरोखरच गेले, तेव्हा दारात आलेली मासळीवाली म्हणाली, "थांबा वाईच. उठंल मास्तर." आणि आम्ही सगळे थोडे थांबलोसुद्धा.

शिरगावात समुद्राच्या अंगाला त्यांचं एकट्याचं घर. निवृत्तीनंतर ते मॅट्रिकची मुलं शिकवत, एका वेळी एकच. पहिल्याच दिवशी बजावत, "तू इथून जायला आलायस, हे विसरू नकोस." परीक्षा जवळ आली की ते मरायला लागत. आपण गणितात अडकून मान वर करावी, तर समोर आजोबा खुर्चीत ताठ, डोळे उघडे, पापणी हलत नाही, श्वास दिसत नाही. बाहेर नारळाच्या झावळ्या तेवढ्या सळसळत. घाबरून हाक मारली तर ओठ न हलवता उत्तर येई, "मी गेलोय. तुझं तू सोडव." याच मासळीवालीचा मुलगा शिकत असताना ती एकदा आत डोकावली आणि टोपली टाकून किंचाळली, "आगं बाय, मास्तर गेलं!" "गेलोय," आजोबा म्हणाले, "उद्या येईन. बोंबील उचल, मांजर बघतंय."

निरोपाचा प्रकार तर अंगावर काटा आणणारा. घरातून माणूस बाहेर पडला की लगेच केर काढत नाहीत. तो काढतात प्रेत हलवल्यावर. आजोबा मात्र शिष्य पायरी उतरतो न उतरतो तोच झाडू घेत. "मास्तर, माझा पोरगा जित्ता हाय वो!" मासळीवाली रडायची बाकी राहिली. "तो जिताच आहे," आजोबा म्हणाले, "पण इथं बसून मला विचारणारा संपला."

त्यांच्याकडेच मॅट्रिक करून मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला मुंबईला निघाले, तेव्हा माझ्याही पाठीमागे तो खराट्याचा आवाज आला. फाटकापर्यंत आला. मी वळून पाहिलं नाही, पण मुंबईत कितीतरी दिवस तो कानात होता.

दिवाळीत मी परत त्यांच्यासमोर जाऊन बसले. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं होतं, बोईसरच्या शाळेत मुलं वाढली होती, आणि तिथे मला जागा मिळत होती. ट्रेनिंग सोडून घरी यावं का, हे मला त्यांच्याकडूनच हवं होतं. मी तोंड उघडलं, तर आजोबांची नजर पुन्हा तशीच, न हलणारी. मला वाटलं, आता 'मी गेलोय' येणार. पण ते म्हणाले, "मोतीबिंदू झालाय. डॉक्टर काढू म्हणतात. तुला काय वाटतं?"

त्यांनी मला असं कधीच काही विचारलं नव्हतं.

"काढा. मी येईन बरोबर."

"भीती वाटते गं."

"वाटू दे. काढा."

"बरं," ते म्हणाले, एखाद्या शहाण्या मुलासारखे.

एसटीत बसल्यावर लक्षात आलं, बोईसरचं विचारायचं राहूनच गेलं. आणि आता विचारण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. ट्रेनिंग पुरं करायचं, हे माझं मी ठरवून टाकलं होतं. आजोबा सोडायला आले होते. गाडी हलली, तेव्हा ते भलत्याच खिडकीकडे बघत, हसत हसत, हात हलवत उभे होते.