मायक्रोस्कोपला हळदकुंकू

"बाई, आज चालतंय ना तुम्हाला?"

दसऱ्याची सकाळ. देवासची आमची बियाण्यांची लॅब. सगळा स्टाफ मायक्रोस्कोपच्या टेबलाभोवती उभा. झेंडूचे हार, नारळ, उदबत्ती. आणि साहेबांनी मला हे सगळ्यांसमोर विचारलं. साहेब म्हणजे आमचे लॅबप्रमुख. जुन्या दरबारी घराण्यातले. त्यांच्या घरी दसऱ्याला तलवारी पुजतात, म्हणून लॅबमध्ये यंत्रं पुजायची. पुजा ना! माझी कधीच हरकत नव्हती.

कानशिलं तापली माझी. कोणी हसलं नाही, कोणाला लाजही वाटली नाही. बसचं टायमिंग विचारावं तसं विचारलं आणि सगळे उत्तराची वाट बघत राहिले.

"नाही चालत," मी म्हटलं. खरंच चालत नव्हतं.

"मग बाहेर थांबा जरा. आज विटाळ नको यंत्राला."

आमचा टेक्निशियन हळूच म्हणाला, "मॅडम, थोड़ी देर की तो बात है."

गेले बाहेर. पाय आपसूकच निघाले, सवयच ती. धारला माहेरी त्या दिवसांत माझी चटई वेगळी, ताटवाटी वेगळी. कोपऱ्यात बसून मी विज्ञानाची पुस्तकं वाचायची. वाटायचं, लॅबमध्ये हे कोणी विचारणार नाही. डॉक्टरेट केली, आणि परत कोपरा! वॉटर कूलरजवळचा, एवढाच काय तो फरक.

काचेतून आतलं दिसत होतं. मायक्रोस्कोपखाली माझी स्लाइड तशीच होती. सोनकच्छच्या एका शेतातलं सोयाबीन उभ्या उभ्या वाळलं होतं, त्याचं मूळ होतं ते. शेतकरीदादा रोज फोन करायचे, "मॅडमजी, चना बोऊं के नी बोऊं?" सोयाबीन खाणारी बुरशी हरभऱ्याचंही मूळ खाते. माझा संशय तोच होता, पण बघितल्याशिवाय सांगणार कसं? ते उद्या पेरणार होते.

साहेबांनी ओल्या बोटाने लेन्सला कुंकू लावलं. वर पाणी शिंपडलं. मग टेक्निशियनला बजावलं, "आज कोणी हात लावायचा नाही. पूजेतलं यंत्र उद्याच हलवायचं."

उद्या? उद्यापर्यंत स्लाइड वाळून वाया जाणार. मूळ तेवढंच उरलं होतं. आणि हे सगळं कशासाठी? मी आत नव्हते म्हणून. मी बाहेर उभी राहिले म्हणून!

डोकंच फिरलं. दार ढकललं. आरती चालू होती, ती थांबली.

"अहो, अहो! हात लावू नका! तुम्हाला चालत नाही ना?" साहेब ओरडले.

"नाही चालत," मी म्हटलं. या वेळी मोठ्याने. "मागच्या महिन्यातही चालत नव्हतं, तेव्हाही मीच इथे बसले होते. कोणी विचारलं नाही. काम चाललं तुम्हाला."

हार काढून बाजूला ठेवला. लेन्सवरचं कुंकू स्पिरिटने पुसलं. खुर्चीत बसले. डोळा लावला. स्लाइडवरच्या काचेच्या कडेने लाल पाणी शिरलं होतं, तरी मध्ये मूळ स्वच्छ होतं. आणि त्यात ते बारीक काळे दाणे. तीच बुरशी.

तिथूनच फोन लावला. "दादा, उस खेत में चना मत बोना. गेहूं डालो." पलीकडून म्हणाले, "अच्छो करयो मॅडमजी, बीज तो निकाल के रख्यो थो."

साहेब नारळ न फोडताच केबिनमध्ये गेले. त्यानंतर त्यांचं माझ्याशी बोलणं कामापुरतंच.

यंदा दसरा जवळ आलाय. साहेबांनी माझी त्या दिवशीची ड्युटी लांब धामनोदला लावलीय, नमुने गोळा करायला. सुट्टीच्या दिवशी कसले नमुने? मला काय कळत नाही?

केबिनमध्ये जाऊन सांगून आलेय, मी धामनोदला जाणार नाही. दसऱ्याला मी लॅबमध्ये असेन, मायक्रोस्कोपसमोरच्या खुर्चीत. पूजा करा, हार घाला, आरती म्हणा. लेन्सला बोट लावू देणार नाही. आणि चालतंय का विचारलंत, तर जे असेल ते मोठ्याने सांगेन आणि खुर्चीतून उठणार नाही.