डॉक्टरकाकांचं कॉन्सर्टचं जॅकेट

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहा पिता पिता, हसत वाचत आले. अमावस्या, लिंबू, पांढरी साडी... सगळा टाइमपास! मी अमेरिकेत पिस्कॅटवेला राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. स्क्रीनशॉट नसेल तर मी बगसुद्धा मान्य करत नाही. म्हणूनच हे लिहायला सहा महिने लागले. जेवायचं असेल तर आधी जेवून घ्या — प्रकार किळसवाणा आहे.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मी जुन्या लोकांच्या आठवणी गोळा करत होते. आमच्यापासून दोन घरं सोडून डॉक्टरकाका राहतात. रिटायर्ड, ऐंशीच्या पुढचे. साठच्या दशकात इंटर्न म्हणून इथे आल्या आल्या त्यांनी एका इंग्लिश रॉक बँडचा लाइव्ह शो पाहिला होता. मंडळाच्या प्रत्येक पॉटलक जेवणाला तो किस्सा व्हायचाच — "अगं, गाणं ऐकूच येईना! नुसत्या किंकाळ्या! पोरी धडाधड बेशुद्ध पडत होत्या!" सगळे हसायचे. मीही हसलेय.

रविवारी सकाळी अकराला त्यांच्याकडे गेले. किचनमध्ये लख्ख ऊन. काकांनी त्या शोला घातलेलं कॉर्डरॉयचं जॅकेट काकूंनी काढून ठेवलं होतं, ड्राय-क्लीनिंगच्या प्लॅस्टिकमध्ये. काका म्हणाले, "तूच घाल गं, फोटो भारी येईल."

घातलं. पोझ द्यायला हात खिशात घातला आणि... बोटं कशात तरी रुतली. गरम. बुळबुळीत. हात बाहेर काढला — उलटी. फाटलेल्या दुधासारखी, नारिंगी कणांची. तो आंबट वास थेट घशात शिरला. मी सिंकवर वाकून ओकले.

काकूंनी खिसा उलटा केला. कोरडा ठणठणीत! माझ्या हातावर मात्र ते तसंच होतं. काकूंनीच ते धुतलं.

काका खुर्चीत बसले होते, चेहरा पांढराफटक. "ती माझ्या शेजारी होती," ते म्हणाले.

"कोण?" काकूंनी विचारलं.

"एक मुलगी. उताणी पडली. उलटी घशात अडकत होती... कुशीवर वळवायचं होतं, एवढंच. पण तेवढ्यात बँड स्टेजवर आला. मी तिला पायानं सीटखाली सरकवलं, आणि पुढे गेलो."

"मग तिचं काय झालं?"

"माहीत नाही. मी मागे बघितलंच नाही."

"तुम्ही डॉक्टर होतात," काकू म्हणाल्या. एवढंच.

संध्याकाळी काकांचा फोन आला. वाटलं, माझी चौकशी करतील. "तो भाग लिहू नकोस हं. बाकीचं छान आहे, ते राहू दे." हातावरच्या घाणीपेक्षा मला त्या गोड आवाजाची जास्त शिसारी आली. मी त्यांचं पानच कॅन्सल केलं.

हाताचा वास चार दिवस गेला नाही. नवऱ्यालाही येत होता, तो दुसऱ्या खोलीत झोपायचा. कोरड्या खिशातून ते कुठून आलं?

काकू त्याच आठवड्यात लेकीकडे सनीव्हेलला गेल्या, त्या परतल्याच नाहीत. परवा फोनवर मी धीर करून विचारलं, "काकू, ते जॅकेट तुम्हीच क्लीनिंगला द्यायचात ना? खिशात याआधी कधी काही सापडलं होतं?"



"लांब सोनेरी केस," त्या म्हणाल्या. "दर वर्षी. मला वाटायचं, ह्यांचं बाहेर कुणीतरी आहे."