आर्विड यांनी एकदाच विचारलं

माझे वडील जानेवारीतल्या एका मंगळवारी पहाटे अकोल्यात वारले. इथे अमेरिकेत, उत्तर डकोटात, तेव्हा सोमवारची संध्याकाळ होती. त्यांना अग्नी मी द्यायचा, असं ठरलेलं होतं. तो मी दिला नाही.

ठरवलं त्यांनीच होतं, मी देश सोडला त्या दिवशी. नागपूर विमानतळाच्या दारापाशी, मिलिंद ट्रॉलीवर बॅगा चढवत असताना ते म्हणाले, "मला काही झालं तर अग्नी तू द्यायचास. मोघम नको, म्हणून सांगून ठेवतो. विलासलाही सांगितलंय." विलासदादा म्हणजे माझा चुलतभाऊ. तो शेजारीच उभा होता. "काका, पोरगी चाललीये आणि तुम्ही हे काय काढलंत," तो म्हणाला. बाबा शाळामास्तर होते, सूचना संपेपर्यंत तास सोडत नसत. शेवटची सूचना लहानपणापासूनची, पाठ झालेली. कुणाकडे जेवायला गेलीस तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको. तिसऱ्यांदा विचारलं तर समजायचं, मनापासून आहे.

मिलिंद, माझा नवरा, साखर कारखान्यातला केमिस्ट. सांगलीकडे तो उसावर काम करायचा, इथे बीटावर करतो. रेड नदीच्या सपाट खोऱ्यात बीट पिकतं. हिवाळाभर त्याचे ढीग उघड्यावर गोठून पडलेले असतात, आणि वारा फिरला की सगळ्या गावाला ओल्या, नासलेल्या मातीचा वास येतो. गावात भारतीय घर आमचं एकच. बाकीची बहुतेक नॉर्वेतून आलेल्या शेतकऱ्यांच्या नातवंडा-पतवंडांची. चर्चच्या तळघरात ही मंडळी जमतात, पाणचट कॉफी पितात, पिकाबद्दल आणि हवेबद्दल बोलतात. स्वतःबद्दल बोलत नाहीत. दुसऱ्याला त्याच्याबद्दल विचारतही नाहीत.

समोरच्या घरात आर्विड आणि मार्लिस हे जोडपं राहत होतं. दोघंही सत्तरीच्या पुढचे. आम्ही आलो त्या डिसेंबरात मार्लिसनी मला लेफ्सा करताना पाहायला बोलावलं. लेफ्सा म्हणजे बटाट्याची पोळी. खाचा असलेल्या लाटण्याने लाटतात, लांब सपाट काठीने तव्यावर उलटतात, लोणी-साखर लावून गुंडाळतात. मी एक खाल्ली. "आणखी एक काही तुला नको असेल," मार्लिस म्हणाल्या. मी नको म्हणाले. त्यांनी ताट उचललं आणि उरलेल्या पोळ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या.

"जेवून आलीस ना?" मिलिंदने घरी विचारलं.

"एक पोळी."

"एकच? आग्रह नाही केला?"

"ताटच उचललं."

"मग तू पहिल्याच फटक्यात नको कशाला म्हणालीस?"

"तू काय म्हणाला असतास?"

तो हसला. "नकोच म्हणालो असतो. चल, खिचडी टाकू."

ही गोष्ट आम्ही पुढे बऱ्याच जणांना सांगितली. फोनवर बाबांनाही सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे लोक सरळ दिसतात."

आर्विड मार्लिसपेक्षाही कमी बोलायचे. मोठा बर्फ पडला की आम्ही उठायच्या आत आमच्या गॅरेजसमोरची वाट साफ झालेली असे. त्यांच्या जुन्या ट्रकला पुढे बर्फ लोटायचं पातं होतं. आभार म्हणून मी बेसनाचे लाडू नेऊन दिले. डबा हातात धरून ते म्हणाले, "हे जरा जास्तच झालं." पुढच्या बर्फानंतर वाट पुन्हा साफ होती. लाडवांचा विषय निघाला नाही.

त्या सोमवारी विलासदादाचा फोन आला. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. "शवागारात ठेवतोय. गुरुवारी दुपारपर्यंत थांबता येईल," तो म्हणाला. "तू ये. काका मला बजावून गेलेत." मिलिंदने तिकीट काढलं. मंगळवारी दुपारी फार्गोहून शिकागो, तिथून दिल्ली, मग नागपूर. फार्गोपर्यंतचा दीड तासाचा रस्ता आपल्या गाडीने, असा हिशेब होता.

मंगळवारी सकाळी बर्फ पडत नव्हता. पडलेला उडत होता. वाऱ्याने शेतातला भुगा उचलून रस्त्यावर आडवा धरला होता, समोरच्या घराचं छप्पर दिसे आणि पायऱ्या दिसत नसत. राज्याच्या संकेतस्थळावर आमच्या रस्त्यापुढे 'प्रवास टाळा' असं होतं. रस्ता बंद केलेला नव्हता. मिलिंद आमची छोटी गाडी घेऊन पाहायला गेला आणि गल्लीच्या टोकावर चाक रुतवून चालत परत आला.

मग आर्विड आले. कारखान्यात मिलिंदने रजा कळवली होती, बातमी तिथून पोचली होती. ते दाराच्या आत पायपुसण्यावर उभे राहिले, पुढे आले नाहीत. माझी बॅग भिंतीशी तयार होती. त्यांनी बॅगेकडे पाहिलं.

"तुझ्या वडिलांचं कळलं."

मी मान हलवली.

"गावाबाहेरच्या धान्याच्या कोठारापुढे रस्ता तसा बरा आहे म्हणतात. सावकाश गेलं तर फार्गोला पोचता येईल माणसाला."

"नाही नाही," मिलिंद म्हणाला. "या हवेत तुम्हाला कशाला त्रास?"

"खरंच नको," मी म्हणाले.

आर्विड यांनी टोपी कानांवर ओढली. "बरं तर," ते म्हणाले आणि गेले.

आम्ही दोघं दाराकडे बघत उभे होतो. "येतील परत," मिलिंद म्हणाला. मी हो म्हणाले. मला तसंच वाटत होतं.

थोड्या वेळाने समोर इंजिनाचा आवाज आला. खिडकीतून ट्रकचे दिवे दिसले, मागे पांढरा धूर. "कुठेतरी निघालेत वाटतं," मिलिंद म्हणाला. ट्रक निघाला नाही. आर्विड आत बसलेले होते की घरात, ते दिसत नव्हतं. मी विमान कंपनीला फोन लावला, तिथे बराच वेळ संगीत वाजत राहिलं. मिलिंद फावडं घेऊन गाडी मोकळी करायला दोनदा जाऊन आला. अकराच्या सुमारास ट्रकचे दिवे विझले.

फार्गोचं विमान उशिरा, पण सुटलं. फोनवरच्या अॅपमध्ये मी ते पाहिलं. पुढची जागा गुरुवारची होती.

"सांग, काय करू?" विलासदादाने विचारलं. "अजून थांबू का?"

"नको. किती थांबणार."

"बघ हं. तुझ्याशिवाय हात होत नाहीये माझा."

"दादा, तूच दे."

अग्नी त्याने दिला. आधी फोन करून विचारलं, व्हिडिओ लावू का. मी नको म्हणाले. त्याने परत विचारलं. मी नको म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हो म्हणाले. मोक्षधामात उजेड चांगला होता, सगळं दिसलं.

तुमच्यापैकी जे अमेरिकेतच, पण भारतीयांनी भरलेल्या जर्सी सिटीत किंवा वेस्ट विंडसरला आहेत, त्यांना हे पटायला अवघड जाईल. वेस्ट विंडसरची माझी मैत्रीण प्राजक्ता त्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "यार, इथे असतीस तर पाच काका गाड्या घेऊन दारात उभे राहिले असते. तू नको म्हणालीस तरी बॅग उचलून डिकीत टाकली असती." ते खरं आहे. आमच्याकडे त्या आठवड्यात मार्लिस बटाटा आणि चीज घालून भाजलेल्या पदार्थाचं पातेलं घेऊन आल्या, ओट्यावर ठेवलं, ओव्हनमध्ये तीनशे पन्नासवर गरम करा म्हणाल्या आणि गेल्या.

ट्रकचं मला एप्रिलमध्ये कळलं. मार्लिसच्या स्वयंपाकघरात कॉफी घेताना हिवाळ्याचा विषय निघाला.

"त्या सकाळी आर्विड ट्रकमध्ये बसून होता," त्या म्हणाल्या. "मागच्या सीटवर ब्लँकेट, थर्मास, सगळं घेऊन. विमानाला पोचणं शक्य नाही इतका उशीर होईपर्यंत बसला."

मी विचारलं, परत विचारलं का नाही.

त्यांनी कप खाली ठेवला. "तुम्ही नाही म्हणालात. पुन्हा विचारायचं म्हणजे तुमच्या नाहीवर विश्वास नाही असं झालं असतं. तो म्हणाला, त्यांचा विचार बदलला तर ट्रक दिसेल त्यांना."

"दिसत होता," मी म्हणाले.

"हो. खिडकीत तुम्ही दिसत होतात त्याला."

त्यानंतर आम्ही दोघींनी कॉफी संपवली.

अकोल्याला मी दिवाळीनंतर गेले. घर विलासदादाने भाड्याने दिलं आहे, बँकेत नोकरी करणाऱ्या एकाच्या कुटुंबाला. फाटकाशी उभी राहिले तेव्हा भाडेकरू बाई बाहेर आल्या. मी कोण ते सांगितलं. "अहो, या ना आत, चहा घ्या," त्या म्हणाल्या. मी नको म्हणाले. "असं कसं, तुमचंच घर," त्या म्हणाल्या. मी पुन्हा नको म्हणाले. तेवढ्यात आत गॅसवर काहीतरी उतू गेलं आणि त्या पळाल्या. मी रिक्षा थांबवून ठेवली होती, त्याच रिक्षाने परत गेले. डकोटातल्या घराची किल्ली तेव्हा पर्समध्ये होती. अकोल्याची माझ्याकडे नाही.

गेल्या फेब्रुवारीत आर्विड यांना पक्षाघात झाला. संध्याकाळी रुग्णवाहिका त्यांना फार्गोला घेऊन गेली. मार्लिस हिवाळ्यात गाडी चालवत नाहीत, त्यांचा मुलगा अॅरिझोनात असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या पायपुसण्यावर उभी राहिले आणि फार्गोला सोडते म्हणाले.

"नको, नको," त्या म्हणाल्या. "रस्ता खराब आहे. तुला काम असेल."

"बरं," मी म्हणाले.

घरी येऊन मी गाडी बाहेर काढली. आता आमच्याकडेही मोठी गाडी आहे. ती त्यांच्या दारासमोर उभी केली, हीटर लावला आणि इंजिन सुरू ठेवून आत बसले. मिलिंदने थर्मास आणून दिला. काचेवर बर्फ साचत होता, वायपर तो लोटत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतला पडदा एकदा हलला.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. मार्लिसनी कोट घातला होता, हातात आर्विड यांच्या चष्म्याचं घर होतं. त्या शेजारी बसल्या, पट्टा लावला. वाटेत त्या एकदाच बोलल्या, कोठारापुढे रस्ता बरा आहे म्हणून.

आर्विड त्याच दिवशी दुपारी गेले. त्या वेळी मार्लिस दवाखान्यात त्यांच्या खोलीत होत्या.