उके मॅडम आणि सात नंबरची जागा

उके मॅडम सामना बघताना चेंडूकडे बघत नसत. सगळं मैदान चेंडूमागे माना वळवायचं आणि त्या मात्र नुकत्याच पडलेल्या मुलीकडे बघत उभ्या असायच्या, ओठ आवळून. एकदा मी कारण विचारलं. म्हणाल्या, "बॉल कुठं जाते ते साऱ्यायले दिसते. पडलेल्या पोरीकडं कोण पाह्यते?"

गोंदियातल्या एका शाळेत त्या कंत्राटी क्रीडाशिक्षिका होत्या. शाळा सुटली की स्कूटीवरून कुडवा गावाच्या बाहेर यायच्या. तिथे धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे खाचरांत, आम्हा मुलींचा रग्बीचा सराव चाले. राइस मिलमधल्या पोत्यांत कोंडा भरून त्या पोत्यांवर त्या आम्हाला टॅकल, म्हणजे धावत्या खेळाडूला कवेत धरून पाडणं, शिकवत. स्वतः राज्याच्या संघातून खेळलेल्या. स्क्रमच्या रेटारेटीत घासून घासून त्यांचा डावा कान फुगून वाकडा झाला होता, आणि तो झाकायला त्यांनी केस कधी पुढे घेतले नाहीत.

त्या सतत रागावलेल्या असत. दुखणं लपवणाऱ्या मुलीची त्यांना सगळ्यात जास्त चीड यायची. "काऊन लंगडून राहिली?" "थोडं दुखून राहिलं, मॅडम." "मंग सांगाले काय झालं? तोंड आहे ना?" मैदानावर डॉक्टर हवा म्हणून त्या जिल्ह्याच्या रग्बी मंडळाशी वर्षभर भांडत होत्या. मंडळाच्या अध्यक्षांना त्या नकोशा झाल्या होत्या, हे आम्हाला नंतर कळलं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आमच्या जिल्ह्याचा मुलींचा संघ ओडिशाच्या दौऱ्यावर जायचं ठरलं. मागच्या फळीची निवड मॅडमकडे आली, कारण त्या स्वतः तिथेच खेळलेल्या. स्क्रममध्ये दोन्हीकडच्या आठ-आठ जणी खांदे अडकवून एकमेकींना रेटतात. त्यात मागच्या फळीच्या तिघी: सहा आणि सात नंबरच्या फ्लँकर आणि मधली आठ नंबर. त्यांना रेटायचंही असतं आणि चेंडू बाहेर पडला की सगळ्यांच्या आधी धावायचंही. सात नंबरची जागा माझीच, असं मी गृहीत धरलं होतं.

निवड सामन्यात समोरच्या मुलीचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला. मी उठले. त्यानंतरचे दोन टॅकल मी त्या दिवशीचे सर्वांत चांगले केले, असं सगळे सांगतात. मला ते आठवत नाहीत. पुढच्या स्क्रमला मी समोरच्या संघाच्या बाजूने जाऊन उभी राहिले. मॅडम आत आल्या, माझी हनुवटी धरली.

"कोण जिंकून राहिलं?"

मला सांगता आलं नाही.

"बाहेर हो."

"मला काही झालं नाही, मॅडम."

"बाहेर हो म्हटलं ना."

संध्याकाळी त्यांनी नावं वाचली. सहा नंबर कविता बिसेन. सात नंबर प्रणाली मेश्राम. आठ नंबर चोरखमाऱ्याची संगीता उईके. राखीव रेखा रहांगडाले. मी सगळ्यांसमोर विचारलं, निदान राखीव म्हणून तरी? "डोक्याले लागलेली पोरगी मी नेत नाही. पाणी द्यायलेई नाही." मी म्हटलं, मी बरी आहे. त्यावर म्हणाल्या, "तू बरी आहे का नाही ते तुले आता माहीतच नाही."

सगळ्या मुली ऐकत होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. पण पुढे मी जे केलं त्याला हे कारण पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा मला मंडळाच्या अध्यक्षांकडे घेऊन गेले. अध्यक्षांनी कागद पुढे केला. माझ्यावर अन्याय झाला, एवढंच मी लिहिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "इतनेसे क्या होगा, बेटा?" मग त्यांनी एक वाक्य सांगितलं: उके मॅडम आपल्याच समाजाच्या मुलींना पुढे करतात. मी लिहिलं. बाबा शेजारीच बसले होते. निवडलेल्या चौघींत मॅडमच्या समाजाची एकटी प्रणाली होती. यादी समोर टेबलावर पडली होती. ती कोणी वाचली नाही. मीही नाही.

प्रणालीचं नाव कापलं गेलं आणि माझं घातलं गेलं. मॅडमऐवजी दुसरे प्रशिक्षक आले. अर्जाची प्रत मॅडमच्या शाळेत पोचली आणि शाळेने त्यांचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. ओडिशातल्या पहिल्याच सामन्यात एक साधा धक्का लागून मी पडले आणि ओकायला लागले. उरलेला दौरा मी दवाखान्यात आणि अंधाऱ्या खोलीत काढला. त्यानंतर कित्येक आठवडे उजेड डोळ्यांना सहन होत नव्हता.

एका दुपारी मॅडम मुर्रीला आमच्या घरी आल्या. आईने चहा केला, तो त्यांनी घेतला नाही.

"उजेड खुपते का अजून?"

"हो."

मग मला राहवलं नाही. "मॅडम, ते वाक्य माझं नव्हतं."

"अक्षर कोणाचं होतं?"

"माझं."

"मंग?"

मी माफी मागायला लागले. त्यांनी हात वर करून थांबवलं. "मले नको सांगू. घरात बसून माफी मांगणं सोपं आहे. जिथं लिहून दिलं तिथं जाऊन सांग. मले तुया राग आहे, आन तो राहीन." जाताना दारात थांबून आईला म्हणाल्या, "हिले उन्हात पाठवू नका. मोबाइलई देऊ नका."

त्या राजनांदगावकडे एका शाळेत गेल्या. मी मात्र इथेच राहिले. पुढे मी प्रशिक्षक झाले आणि मागच्या फळीची निवड माझ्याकडे आली. त्याच अध्यक्षांच्या शेजारी बसून मी याद्यांवर सह्या करत गेले. आठ वर्षं. बघू, योग्य वेळ आली की बोलू, असं म्हणत राहिले. त्या माणसाचा मला संताप येतो, पण त्याने माझा हात धरून लिहून घेतलं नव्हतं. प्रणाली त्यानंतर मैदानावर आली नाही. कुडव्यात दिसते, ओळख देत नाही.

गेल्या वर्षी मंडळाच्या सभेत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. अध्यक्ष हसले. "पुरानी बात है. छोडो."

"जुनी असेल. पण ते वाक्य तुम्ही सांगितलं, मी लिहिलं आणि ते खोटं होतं. इतिवृत्तात घ्या."

कोणी घेतलं नाही. निवड समितीतून माझं नाव गेलं. मी मॅडमना फोन लावला. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"सभेत सांगून आले, मॅडम. सगळ्यांसमोर."

 त्या म्हणाल्या, "त्याइनं लिहून घेतलं का?"

"नाही."

"मंग तू लिहून दे. केलं तं लिहूनच होतं ना." आणि फोन ठेवला.

त्याच दुपारी मी कागद घेतला. जे घडलं ते पहिल्यापासून लिहिलं, खाली सही केली. एक प्रत मंडळाला दिली, एक मॅडमच्या जुन्या शाळेला. तिसरी घेऊन प्रणालीच्या घरी गेले. तिने दारातच उभं राहून ती शेवटपर्यंत वाचली, घडी घातली आणि माझ्याकडे न बघता दार लावून घेतलं.