गोफणीतला फासा

दादा फोनवर दोन वाक्यांच्या वर कधी बोलत नाही. त्या दिवशी एकच बोलला. "शैला गेली." मी कोल्हापुरात ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. शैलावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, वर्षभर आजारी होती. गोव्याच्या इस्पितळातल्या फेऱ्याही थांबवल्या होत्या, तेव्हा बातमी अनपेक्षित नव्हतीच. तरी माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते भलतंच. तिचा एक फासा टाकायचा राहिलाय. तळेऱ्याला बस बदलून जामसंड्याच्या घरी पोचेपर्यंत तो फासाच माझ्या डोक्यात फिरत होता.

फासा कसला, ते सांगायला हवं. एकोणीसशे नव्व्याण्णवच्या मे महिन्यात मी कॉलेजातून एक खेळ घरी आणला. झेरॉक्स केलेलं जाडजूड नियमांचं पुस्तक आणि चार, आठ, वीस अशा बाजूंचे चित्रविचित्र फासे. एकाने सूत्रधार व्हायचं, किल्ले, राक्षस, जादूगार यांचं जग उभं करायचं. बाकीच्यांनी त्या जगात एकेक पात्र घेऊन शिरायचं. काय करणार ते तोंडाने सांगायचं, जमलं की फसलं ते फासा ठरवणार. सूत्रधार मी. मंगेश आणि दत्ता हे माझे शाळेपासूनचे मित्र खेळाडू. तिसरा कोणी मिळेना. वहिनी आमरस घेऊन पडवीत आली आणि पुस्तकातली चित्रं बघत तिथेच बसली. दादा बागेतून आला, आम्हाला बघून म्हणाला, "घोडे वाढले, भातुकली सुटणा नाय," आणि आंघोळीला निघून गेला. वहिनी मात्र उठली नाही.

शस्त्र निवडायची वेळ आली. मंगेशने दोन हातांनी पेलायची तलवार घेतली, दत्ताने धनुष्य. वहिनीने सगळी यादी वाचून घेतली आणि अगदी तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. गोफण! पुस्तकाच्या लेखी तिची किंमत कवडीची. तलवारीच्या घावाला आठ बाजूंचा फासा, गोफणीच्या घावाला चार बाजूंचा. मंगेश हसून लोळला. मी सूत्रधाराच्या थाटात सांगितलं, गोफणीचे दगडही बाजारातून घ्यावे लागतील, तसा नियम आहे. वहिनीने माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळलो. "दगड इकत घेवचे, भावजी? जामसंड्यापासून तळेऱ्यापर्यंत रस्त्यार दुसरा काय आसा?" दत्ताच्या भात्यातले बाण संपणार, पारूचे दगड संपणार नाहीत, असा नियम तिने त्याच दिवशी माझ्याकडून कबूल करून घेतला. पारू हे तिच्या पात्राचं नाव.

आता कोणाला वाटेल, माहेरी शेत राखताना हिचा नेम पक्का झाला असणार. छे! वहिनीचं माहेर तळेऱ्याच्या आतल्या बाजूला, भातशेतीचं घर. लहानपणी तिला शेतातल्या माळ्यावर बसवत, हातात गोफण देत, हे खरं. पण तीच सांगायची, "माझो दगड कधी खंय लागलो आसा! शेजाऱ्यांची कौला फुटली. पोपट थंयच बसान खाय होते." मग वडिलांनी गोफण काढून घेऊन तिला पत्र्याचा डबा बडवायला बसवलं होतं. एका वर्षी आमच्या आग्रहावरून तिने काथ्या वळून खरीखुरी गोफण केली आणि मागच्या कलमांत केलडी, म्हणजे माकडं, आली तेव्हा फिरवली. दगड पुढे जायच्या ऐवजी मागे आला आणि दादाच्या पाण्याच्या टाकीचं झाकण गेलं. केलडी पळाली नाहीत. दादा म्हणतो, उलट हसली. त्यानंतर ती गोफण पडवीतल्या खुंटीला लटकली ती कायमची.

म्हणूनच मला तिचं अजून नवल वाटतं. हातात न आलेलं हत्यार तिने डोक्यात असं काही फिरवलं की मी, नियम पाठ असलेला माणूस, थक्क होऊन बघत राहायचो. दरवर्षी आंब्यांच्या दिवसांत आणि गणपतीला आमचा डाव पुढे सरकायचा. एकदा राजाच्या दरवाजात पहारेकऱ्यांनी सगळ्यांची शस्त्रं काढून घेतली. मंगेश तलवारीवाचून अगदी लुळा पडला. मी पहारेकऱ्याच्या आवाजात पारूला दरडावून विचारलं, ही दोरी कसली? वहिनी शांतपणे म्हणाली, "धुणा वाळत घालूची." तिला अडवायला पुस्तकात एकही नियम सापडला नाही. दुसऱ्या एका वर्षी गुहेत राक्षस झोपला होता. तलवारीने त्याला ओरखडासुद्धा उठत नव्हता. वहिनी मला एकामागून एक प्रश्न विचारत राहिली. गुहा उंच आहे का, वर ओल आहे का, झाड आहे का… आणि बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं की गुहेच्या तोंडाशी मधमाश्यांचं मोठं पोळं आहे. ती नुसती हसली आणि पारूचा दगड पोळ्यावर सोडला. राक्षस बोंबलत डोंगर उतरला तेव्हा आम्ही तिघेही उठून उभे होतो. ती म्हणाली, "गोफणीन राक्षसाक मारूचा नसता. राक्षसाच्या डोक्यार काय लटाकता, ता बघूचा."

हे वाक्य ऐकल्याला किती वर्षं झाली, पण माझ्या मनातून ते जात नाही. आम्ही सगळे घावांची बेरीज करत होतो आणि ही बाई, सकाळपासून दहा माणसांचं रांधून आलेली, आपला हात पोचत नाही तिथे काय काय आहे ते बघत होती. प्रत्येक फासा टाकण्याआधी ती मूठ डोक्यावर नेऊन गरकन एकदा फिरवायची. बांगड्या वाजायच्या. मगच फासा जमिनीवर.

यंदाच्या गणपतीत आम्ही शेवटचे बसलो. दुपारची वेळ होती. वहिनी पडवीत खाटेवर उशीला टेकून होती. डावात समुद्रकाठचं शहर शत्रूने घेरलेलं होतं. मदतीची गलबतं खाडीच्या तोंडाशी थांबलेली. बुरुजावरची घंटा वाजली तरच ती आत येणार. घंटेचा दोर तुटलेला, जिना कोसळलेला. तिथे पोचेल असं एकच हत्यार उरलं होतं. मी नियमाप्रमाणे सांगितलं, एवढ्या लांबचा नेम वीस पडले तरच लागेल. मंगेश माझ्यावर भडकला. आजारी माणसापुढे कसले नियम काढतोस, म्हणाला. वहिनीने त्याला गप्प केलं. "वीस तर वीस. माका फुकटचा नको."

तिने वीस बाजूंचा फासा मुठीत घेतला. हात वर न्यायला लागली… तो खांद्याशीच थांबला. पुन्हा प्रयत्न केला. मी म्हटलं, वहिनी, नुसता टाक. तिने मान हलवली, मला खुंटीवरची गोफण काढायला लावली आणि फासा तिच्या खोबणीत ठेवला. "आज नको. हात वर जाय लागलो की टाकतंय." दिवाळीनंतर ती गेली.

तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी मी बॅग भरत होतो. दादा पडवीत येऊन उभा राहिला. अकरा वर्षांत या खेळाबद्दल त्याने एक शब्द विचारला नव्हता. म्हणाला, "ता घंटेचा काय झाला?" मी सांगितलं, तसंच राहिलंय. त्याने खुंटीवरच्या गोफणीतून फासा काढला, मूठ डोक्यावर नेली आणि अगदी तिच्यासारखी फिरवली. किती वेळा त्याने दारातून तिला बघितलं असेल, देव जाणे.

तीन पडले.

"मगे?"

"नाय लागलो, दादा."

तो वाकून फाशाकडे बघत राहिला. "तिचो दगड पयल्यान कधी लागलो आसा? दगड संपले काय तिचे?"

"दगड खंयचे संपतत!"

"मगे झाला तर," म्हणाला, आणि फासा परत गोफणीत ठेवून बागेत निघून गेला.

आता तो रोज संध्याकाळी बागेतून आला की हातपाय धुतो, खुंटीपाशी जातो आणि एकदाच टाकतो. दुसऱ्यांदा नाही. मग मला कोल्हापुरात फोन येतो. गलबतं अजून खाडीच्या तोंडाशी उभी आहेत. काल सात पडले.