लवकर की उशिरा

अक्का माझी सख्खी मोठी बहीण. येवल्याला पैठणीच्या मागावर बसून तिचं आयुष्य गेलं. नवरा लवकर वारला, मुलगा शिकून बंगलोरला स्थायिक झाला. कॅन्सर पोटभर पसरल्याचं कळलं तेव्हा मी तिला नाशिकला माझ्याकडे आणलं. केमो करून झाली, काही उपयोग झाला नाही. मग पॅलिएटिव्हच्या डॉक्टरीणबाईंनी तिलाच समोर बसवून सांगितलं, "आता आजाराच्या मागे लागायचं नाही. तुम्हाला दुखू द्यायचं नाही, एवढंच बघायचं."

अक्का म्हणाली, "मंग लय झालं."

पण बाईंची ओपीडी ठरावीक वारी, आणि दुखणं वार बघून येत नाही. पोटात पाणी भरलं की अक्काला श्वास पुरायचा नाही. मॉर्फिनची गोळी दिली की उलटून पडायची. बाईंचा फोन लागला नाही की कॅज्युअल्टी गाठायची.

पहिल्यांदा नेली तो रविवार होता. तिथल्या तरुण डॉक्टरने फाइल चाळली आणि मलाच झापलं. "पॅलिएटिव्हची पेशंट आहे ही. इथे कशाला आणलीत?" अक्काची ट्रॉली भिंतीकडे सरकवली. बऱ्याच वेळाने कुणीतरी एक इंजेक्शन दिलं आणि आम्हाला घरी लावून दिलं.

दुसऱ्या खेपेला तिथे वेगळा डॉक्टर होता. तो म्हणाला, "इतका उशीर का केलात? आधी आणायचं कळत नाही?" रक्त तपासायला पाठवलं, स्कॅन सांगितला. शीर सापडेना म्हणून दोन्ही हात टोचून काळेनिळे केले. पोटातलं पाणी मात्र तसंच. अक्का धापा टाकत म्हणाली, "आवो, एकदा काय ते ठरवा. मी लवकर आले का उशिरा?"

डॉक्टर पुढच्या ट्रॉलीकडे वळला.

घरी येताना रिक्षात तिने माझा हात धरला. "मला परत तिथं नेऊ नको. श्वास थांबला तर थांबू दे. नळ्याबिळ्या नको." मी हो म्हणाले. त्याच संध्याकाळी तिने मुलालाही फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, असलं काही बोलू नकोस." विषय तिथेच संपला.

शेवटच्या खेपेला तीच म्हणाली, "कुठंबी ने, पण हे थांबव." बाई परगावी होत्या. ॲम्ब्युलन्स द्वारका चौकात अडकली. आत अक्का गुरासारखी हंबरत होती आणि मी बाहेरच्या गाड्यांना शिव्या घालत होते.

कॅज्युअल्टीत डॉक्टर म्हणाले, "व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल."

"नको. तिने सांगून ठेवलंय. फक्त दुखणं थांबवा."

"मग इथे आणलंत कशाला? मुलगा कुठाय?"

त्यांनी माझ्याच फोनवरून भाच्याला लावला. तो म्हणाला, "डॉक्टर, जे करता येईल ते सगळं करा. मी विमानाने निघतोय."

"अरे, तिला नकोय ते," मी ओरडले. "तुलासुद्धा सांगितलं होतं तिने."

"मावशी, मुलगा मी आहे."

डॉक्टरांना तेवढंच हवं होतं. मला पडद्याबाहेर काढलं.

नंतर आयसीयूत पाहिली तेव्हा तोंडात नळी होती आणि दोन्ही मनगटं कॉटला बांधलेली होती. नळी ओढून काढू नये म्हणून, असं सिस्टर म्हणाली. मी विचारलं, "तिला दुखतंय का?" ती म्हणाली, "गुंगीत आहेत, काही कळत नाही त्यांना." कळत नव्हतं, तर हात कशाला बांधले होते?

भाचा आला. काचेपलीकडे उभा राहून रडला. अक्का पुन्हा एक शब्द बोलू शकली नाही. तशीच गेली.

दहाव्याला रामकुंडावर जो तो त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होता, "पोराने काही कमी केलं नाही." सगळं आटोपल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. हळूच म्हणाला, "मावशी, आईला शेवटी त्रास नाही ना झाला?"

त्याला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. दुसरी एखादी मावशी असती तर ते बोललीही असती.

"झाला," मी म्हणाले. "खूप झाला."

तो उठून गेला. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.