काचेवरचा ट्रे

आमचं हॉटेल नाशिकच्या बाहेर, मुंबई-आग्रा रस्त्यावर होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड आणि दोन बाकडी. मागच्या खोलीत आम्ही राहायचो. बाकडी कायम रिकामी. आम्ही बौद्ध, हे शेजारच्या गावाला ठाऊक होतं आणि चहा प्यायला गाव आमच्यावरून पुढे जायचं. मला त्याचा अजून राग येतो.

वडील आधी कारखान्यातल्या एका साहेबांचे ड्रायव्हर होते. मुंबईत त्यांनी लोकांना गाडीच्या काचेला अडकवलेल्या ट्रेमधून खाताना पाहिलं होतं.

"गाडीवाला जात इचारत नाय. भूक लागली का थांबतो," ते आईला म्हणाले आणि नाशकातल्या भद्रकाली बाजारातून काचेला अडकवायचे आकडेवाले ट्रे बनवून आणले. 'गाडीत बसून मिसळ खा' अशी पाटी स्वतःच रंगवली. फक्त घरातली बुद्धाची तसबीर शेडमध्ये लावायची नाही, असं बजावलं. आईने पदराने तसबिरीवरची धूळ पुसली. तिचं गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

पहिल्याच रविवारी इगतपुरीकडून एक फियाट आली. आत नवरा-बायको, मागे आजी. काच अर्धी वर, तिला ट्रे अडकवलेला, ट्रेमध्ये मिसळ. सगळं झकास! पण नाशकात मिसळ खाणारा माणूस रस्सा मागणार म्हणजे मागणारच. त्या गृहस्थांनी "अहो, रस्सा!" अशी हाक मारायला काच सर्रकन खाली घेतली. काच गेली दारात, ट्रे आत कलंडला आणि लालभडक तर्री पांढऱ्या पँटवर.

वडिलांचा चेहराच उतरला. आई मात्र साबण घेऊन धावली.

"उतरा आधी! डाग वाळला का निघत नाय," तिने त्यांना सख्ख्या भावासारखं दटावलं.

थोड्या वेळाने पँट दोरीवर वाळत होती आणि गृहस्थ वडिलांचा आखूड पायजमा घालून आमच्या बाकड्यावर बसले होते. बायकोचं हसू थांबत नव्हतं. आईने पुन्हा मिसळ वाढली. तेवढ्यात आजींनी विचारलं, "तुम्ही कोण म्हणायच्या?"

वडील खाली बघू लागले. मला तर रडूच फुटायच्या बेतात होतं. आई खोलीत गेली, तसबीर घेऊन आली आणि समोरच्या खिळ्याला लावली.

"आमी ह्यांचे," ती म्हणाली.

आजींनी तसबिरीकडे पाहिलं, मग आईकडे.

"बरं. मग रस्सा आण की बाई, पाव गार होतोय."

पुढे ट्रे चालूच राहिले. गाडी थांबली की हाक यायच्या आत आई रस्स्याची किटली घेऊन काचेपाशी हजर व्हायची. तसबीर खिळ्यावरून पुन्हा उतरली नाही. पुढच्या रविवारी शेडमध्ये आणखी एक बाकडं आलं. वडिलांनीच आणलं, कुणी सांगितलं नव्हतं.